नवी पायरी

डोंगरावरच्या पुरातन देवळाची सगळ्यात वरची पायरी भाविकांच्या पायांनी झिजून परातीसारखी खोलगट झाली होती. ती बदलायचं काम आमच्या ह्यांना मिळालं. हे पाथरवट, आणि मी मदतीला. कारण तीस वर्षांत ह्यांना स्वतःची छिन्नी स्वतः सापडलेली नाही.

दुरुस्तीसाठी देऊळ बंद होतं, खाली फाटकाला कुलूप होतं. सोमवारी आम्ही नवा दगड अगदी सपाट घडवून बसवला. मंगळवारी पाहतो तर पुढच्या कडेला बशीएवढा गुळगुळीत खळगा!

देखरेखीचे साहेब लालबुंद झाले. "जुनाच दगड खपवलात ना? काम काढून घेईन!"

"साहेब, ही मला शिळी भाजी खपवू देत नाही, शिळा दगड कुठला खपवू देतेय!" हे म्हणाले. साहेबांनाही हसू आलं.

बुधवारी खळगा परातीएवढा झाला. ह्यांनी त्यावरून हात फिरवला.

"अगं, चढणारा पुढच्या कडेवर पाय देतो, उतरणाऱ्याची टाच मागे पडते. इथं नुसती पुढची कड झिजलीय. म्हणजे सगळे वर गेले, उतरलं कुणीच नाही."

"मग राहिले असतील मुक्कामाला," मी म्हटलं, आणि आम्ही पोट धरून हसलो.

हसतच घरी आलो. त्याच दगडाच्या उरलेल्या तुकड्याची पायरी ह्यांनी आमच्या दाराशी बसवली होती. सकाळी निघताना ती सपाट होती. आता तिच्यावर खळगा होता.

ह्यांनी वाकून चाचपून पाहिलं. नुसती पुढची कड झिजली होती.

दाराच्या कुलपाची किल्ली माझ्या हातातच राहिली.