बकुळीच्या गाभ्यातला गजर

"बाई, सुई घातल्यावर बकुळ जगेल ना?" दाजी माळ्यानं विचारलं.

"नाही," तपासणीला आलेल्या तेंडोलकर बाई म्हणाल्या. रोप लावतानाचे आवाज झाडाच्या गाभ्यात साठून राहतात, पण यंत्राच्या सुईनं ते काढून घेतले की झाड सुकतं.

अनंतबुवा गावोगाव कीर्तनं करत आणि बिदागीऐवजी एक रोप मागत. नागकेशर, सुरंगी, सीताअशोक, सगळी बाग अशीच उभी राहिली. पहिली ही बकुळ. बाग गावाला दिल्याचा कागद मात्र कुठेच नव्हता, आणि बुवांचा नातू श्रीरंग ती विकायला निघाला होता. साक्ष उरली होती ती बकुळीच्या गाभ्यातच.

दाजींनी बुंध्याला डोकं टेकवलं. "घाला सुई."

यंत्रातून चिपळ्या वाजल्या, मग बुवांचा स्वर आला. "मंडळी, आजपासून ही बाग..." आणि नेमका तिथेच श्रोत्यांनी विठ्ठलनामाचा गजर केला. पुढचं सगळं त्यात बुडालं.

"घ्या!" श्रीरंग हसला. "तुमच्याच लोकांनी साक्षीदाराचं तोंड बंद केलं, दाजी."

"रंगात आली माणसं, थांबतात होय!" दाजी म्हणाले.

बाईंनी गजरातला एकेक गळा वेगळा करायला घेतला. दोनशे गेले, तीनशे गेले. वर बकुळीची पानं कोमेजू लागली. शेवटी दोनच आवाज उरले.

"बुवा, आमच्या वाडीची सुरंगी कुठं लावू?" एक बाई विचारत होती.

"कुठंही लाव, माय. मला कशाला विचारतेस? बाग तुम्हा सगळ्यांचीच आहे."