गुडघ्यावरची जखम

घोडीच्या खोलीच्या खिडकीबाहेर काळुराम पेंढ्याच्या भाऱ्यांमागे श्वास रोखून बसला होता. हातात काठी. रविवारची दुपार, अडीच वाजले होते. घोडीला मारणारा आज सापडलाच पाहिजे, असं त्याने ठरवलं होतं. आणि तो सापडू नये, असंही त्याला आतून वाटत होतं.

शेवंती चोवीस वर्षांची. आंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत किती नवरदेव तिने पाठीवरून मिरवले, त्याची गणती नाही. आता मागचा एक पाय अधू झाला होता. वराती कधीच बंद झाल्या होत्या. काळुराम तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळत होता. बंगला बांधला तेव्हा जुना कुडाचा गोठा पाडावा लागला, तर त्याने मागच्या अंगाला तिच्यासाठी पक्की खोली बांधली. वर स्लॅब, पंखा, खाली बंगल्यातून उरलेली गुळगुळीत फरशी. रोज सकाळी तो स्वतः फरशी पुसायचा.

पण ती या खोलीत आल्याला तीन महिने झाले, तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी तिच्या पुढच्या गुडघ्यांवर नवी जखम दिसायची. हळद-तेल लावून एक सुकते न सुकते तोच तिथलीच कातडी पुन्हा सोललेली. एकदा तर ओठ फाटला होता. कधी भरदुपारी धप्पकन आवाज यायचा. काळुराम धावत जाई तोवर तिथे कोणीच नसे. शेवंती डोळे फाडून थरथरत उभी असे.

खोलीच्या दाराच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी देवेशकडे.

इथवर विचार आला की तो उठून दुसऱ्या कामाला लागायचा. देवेश एकुलता एक मुलगा. दोन महिन्यांपासून त्याने एकच धोशा लावला होता, "शेवंतीला शहापूरकडच्या आश्रमात सोडू या, बाबा. म्हाताऱ्या जनावरांना सांभाळतात तिथे." का, ते सांगत नव्हता. या जागेत त्याला गाडी लावायची असेल, असं काळुरामने गृहीत धरलं होतं. देवेशची आई बायजा असती तर तिने दोघांनाही समोर बसवून विचारलं असतं. ती जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून बापलेक जेवणापुरतंच बोलत.

दार करकरलं. काळुरामने काठी घट्ट धरली.

देवेशच होता. त्याने दोनदा मागे वळून घराकडे पाहिलं. मग शेवंतीजवळ वाकून तिचे गुडघे निरखले, बरगड्यांवरून सावकाश हात फिरवला. देवा, ह्याने मारू नये, काळुराम मनातल्या मनात म्हणत होता. देवेशने मारलं नाही. पण तो बाहेरही गेला नाही. दाराआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन गुपचूप उभा राहिला.

पंखा फिरत होता. शेवंतीची मान हळूहळू खाली आली. डोळे मिटले. आणि एकाएकी तिच्या पुढच्या पायांतला जोर कापूर उडावा तसा उडाला. धप्प! गुडघे फरशीवर आदळले. खूर सरासरा घसरले. ती जिवाच्या आकांताने धडपडून उठली आणि थरथरत उभी राहिली.

देवेश तिच्यापासून चार हात लांब होता.

दोघंही आपापल्या आडोशातून धावले आणि एकमेकांना पाहून जागीच थिजले.

"तू इथं काय करतस?" काळुरामने विचारलं.

"आणि तू? काठी घेऊन?"

काळुरामने काठी खाली टाकली. देवेशने कल्याणच्या जनावरांच्या डॉक्टर मेघनाताईंना फोन लावला.

मेघनाताई संध्याकाळी आल्या. त्यांनी जखमा पाहिल्या आणि मग बराच वेळ खालची फरशीच पाहत राहिल्या.

"हिला कोणी मारत नाही, काका. ही झोपेत पडते. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपायला त्याला आडवंच व्हावं लागतं. ही आडवी व्हायलाच घाबरते. पाय अधू, खाली गुळगुळीत फरशी, कूस वळायलाही जागा नाही. एकदा बसले तर परत उठता येणार नाही, हे तिला कळतं. तीन महिने धड झोपलेली नाही बिचारी, म्हणून उभ्यानेच गाढ झोप लागते आणि कोसळते."

"फरशी मीच बसवली," काळुराम म्हणाला. "चिखलात उभी राहू नये म्हणून."

त्याने पहार आणली. देवेशने न सांगता घमेलं उचललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फरशी निघाली, एक भिंत पाडून बाजूची पडवी आत घेतल्याने खोली दुप्पट झाली, खाली माती आणि तिच्यावर हातभर जाड पेंढा आला. दावंही सोडलं.

तरी शेवंती उभीच. पेंढा हुंगायची, गोल फिरायची, गुडघे जरा वाकवायची आणि घाबरून पुन्हा ताठ व्हायची. दोन दिवस असेच गेले. आपल्याला उशीर झाला, या भीतीने काळुराम रात्रीही तिथून हलेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बसली. मग एका कुशीवर कलंडली. पाय लांब सोडले, मान पेंढ्यावर टाकली आणि थोड्याच वेळात चक्क घोरू लागली. बापलेक उंबऱ्यावर बसून बघत राहिले. मोठ्याने श्वास घ्यायलाही दोघं भीत होते.

शेवटी काळुरामला राहवेना. मान खाली घालूनच तो बोलला.

"देवेश, मी तुझा गुन्हेगार हाय. मना वाटलं, तूच मारतस तिला."

देवेश चिडला नाही. घोडीवरची नजर न काढता तो हळूच म्हणाला,

"मी पण त्या दिवशी तुलाच पकडायला लपलेलो, बाबा."