सहा खाचा
धारच्या संस्थानी दवाखान्यात मी कंपाउंडर. पोटदुखीला ओवा, खोकल्याला ज्येष्ठमध. सांगून तोंडपाठ झालेलं. मोरोपंतांच्या विधवा आईचं दुखणं मात्र पोटातून पाठीत शिरलेलं. पुढे वाकल्याशिवाय बसवेना. डॉक्टर म्हणाले, “स्वादुपिंड सुजलंय, वाचणार नाहीत. अफूचं औषध दे, वेदना तरी थांबतील.” म्हातारी कडक सोवळ्याची, म्हणून मी ओलेत्यानेच माझ्या घरच्या आडाचं पाणी शेंदलं, त्यात औषध बनवलं, बाटलीवर सहा खाचांची कागदी पट्टी डकवली. एक खाच, एक घोट. तेरावं आटोपून मोरोपंत बाटली परत द्यायला आले. औषध वरच्या खाचेपर्यंत तसंच होतं. “दोन दिवस आई किंचाळत होती. दवाखान्याचं पाणी चालत नाही म्हणाली.” पाणी कुठलं, ते सांगायचं मी विसरलो होतो. आताही सांगितलं नाही. “भिया, पेट दुखे,” पुढचा रोगी माळवीत म्हणाला. “ओवा चावा,” मी म्हणालो.