निळे ओठ

बहीण सुमतीचं लग्न झालं, त्या वर्षी रमाकांत तारी खोल समुद्रातल्या खाणीवर कामाला लागला. तळाच्या थंडीत श्वास पुरावा म्हणून कंपनीने त्याच्या रक्ताला कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, रक्ताचा गुण दिला. तेव्हापासून त्याचे ओठ निळे दिसत. आई आनसाबायला ते बघवत नसे. तिचा नवरा बुडाला, तेव्हा असाच निळा होऊन किनाऱ्याला लागला होता. घरात कुर्ल्यांचं कालवण झालं की रमाकांत हसून विचारी, "आये, माझी भावकी रांधलंस?"

पौषात तो ताप घेऊन घरी आला. एका दुपारी झोपेतच त्याचे ओठ पांढरे पडले. आनसाबायने हरखून देवापुढे साखर ठेवली.

"बघ गो," ती सुनेला म्हणाली, "कुर्लेचा रगात उतरला. झील माझो परत माणसात इलो. निजांदे त्याका."

आवाज नको म्हणून दोघी दार ओढून बाहेर बसल्या.

संध्याकाळी कंपनीची नर्स आली. तिने त्याची पापणी वर करून पाहिली.

"हे रक्त हवा मिळते तोवरच निळं असतं," ती म्हणाली. "ओठ पांढरे झाले तेव्हाच मला बोलवायचं होतं."

"मगे तो बरो झालो नव्हतो?" आनसाबायने विचारलं.

रमाकांत त्याच दिवशी, पौष वद्य दशमीला, दुपारी तीनच्या सुमारास गुदमरून वारला होता.