एकदाच विचारतात

हौ मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आला तो कपाळावरचा घाम पुसत, पण हसत.

"सुटलो, शिऊताई! जागा तुझी."

व्हरांड्यातल्या शेगडीपाशी उभ्या असलेल्या शिऊचिनने आधी बंद दाराकडे पाहिलं. "हळू बोल की. काय म्हणालास आत?"

"नाही म्हणालो. एकदा नव्हे, तीनदा. लोरेटाबाई विचारतच राहिल्या. मी आपला एकच धोशा लावला. माझी इंग्रजी कच्ची, माझी लायकी नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"खरं कारण सांगायचंस ना."

"वेडी आहेस का? बायकोला तिसरा महिना अजून भरायचाय. त्याआधी तोंडातून शब्द काढला तर सासू मला उंबऱ्यावरच झोपवेल. तुला सांगितलं तेच पुष्कळ झालं."

शिऊचिन हसली आणि तिने हात शेगडीवर धरले.

एक जागा, दोन नावं. इथल्या आणि अमेरिकेतल्या साध्यासुध्या माणसांनी चालवलेली ती संस्था. दर वर्षी नेब्रास्कातलं एक गाव या तालुक्यातल्या एका शिक्षकाला आपल्या घरात ठेवून घ्यायचं आणि तिकडचं कुणीतरी इथे येऊन राहायचं. एकमेकांच्या ताटात जेवलात की एकमेकांचं मन कळेल, एवढंच त्यांचं म्हणणं. वयाची अट चाळिशीची. शिऊचिनची चाळिशी येत्या पाचव्या महिन्यात उलटणार होती. या दारातून आज ती आत गेली नाही, तर पुन्हा कधीच जाणार नव्हती.

सोळा वर्षं ती टेप लावून इंग्रजी शिकवत होती. टेपमधल्या बाईचा आवाज झिजून झिजून पुरुषी झाला होता. "बाई, तिकडची माणसं खरंच अशी बोलतात?" मुली विचारायच्या. ती "हो" म्हणायची आणि खिडकीबाहेरच्या पिवळ्या डोंगरांकडे बघायची. डोंगर काही बोलायचे नाहीत.

सकाळीच मुख्याध्यापक दोंग साहेबांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "बाईंनी विचारलं की आधी नाही म्हणायचं. मग मी आग्रह करीन, तालुक्याचे साहेब करतील. तिसऱ्या वेळी मान खाली घालून हो म्हण. रीत सोडू नकोस."

रीत तिला ठाऊक होती. जन्मापासून ठाऊक होती. पण गेल्या वर्षीची लोकरी टोपीही तिला ठाऊक होती. संस्थेतर्फे मुलाखती घेणाऱ्या याच लोरेटाबाईंनी खाणावळीतल्या पेईकाकांसाठी ती स्वतः विणून आणली होती. पेईकाका लाजून "नको, नको, कशाला" म्हणाले आणि बाईंनी टोपी मुकाट्याने परत पिशवीत टाकली. हिवाळाभर पेईकाकांचे कान लाल आणि शाळाभर हसू. तिकडची माणसं एकदाच विचारतात, नाही म्हटलं की नाही, हे तेव्हापासून सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग हौला तीनदा कसं विचारलं? तिच्या मनात कुठेतरी खुट्ट झालं. तेवढ्यात आतून हाक आली.

लोरेटाबाई उठून उभ्या राहिल्या. वर्षभरात त्या इथली भाषा शिकून आल्या होत्या. एकेक शब्द काचेच्या भांड्यासारखा जपून खाली ठेवत होत्या.

"हिचं नाव मीच दिलंय," दोंग साहेब चहाचं झाकण बाजूला करत म्हणाले. "शाळेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. ही जाणारच."

तालुक्याच्या साहेबांनी मान डोलावली.

बाई शिऊचिनकडे वळल्या. "तुम्हाला आमच्याकडे यायचंय?"

दोंग साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. म्हण, नाही म्हण. जिभेवर आलेलं 'नाही' शिऊचिनने गिळलं.

"हो," ती म्हणाली.

दोंग साहेबांचा चहा ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "ती जरा गोंधळलीय. तिला म्हणायचंय की..."

"हो. मला यायचंय."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "वर्षभर घर सोडावं लागेल. तुमची आई एकटी असते ना?"

"आईला विचारलंय. ती म्हणाली, जा."

"मनात दुसरं काही असेल तर सांगा. कुणी रागावणार नाही."

"दुसरं काही नाही. हो."

तालुक्याचे साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "लाजच सोडली हिने," दोंग साहेब पुटपुटले, पण तिला ऐकू जाईल एवढं. शिऊचिनच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आता बोलणी बसणार, वर्षभर बसणार. बसू देत. तिने मान खाली घातली नाही.

लोरेटाबाईंनी एकदा दोंग साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे डोळे मऊ झाले होते.

"समजलं मला," त्या म्हणाल्या. "सगळं समजलं."

शिऊचिन बाहेर आली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. हौने लांबूनच भुवया उडवल्या. तिने मान हलवली, हो म्हणून.

तोच दार पुन्हा उघडलं. लोरेटाबाई तिच्यामागोमाग बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"गेल्या वर्षी मी अडाणी होते," त्या कुजबुजल्या. "आता तुमची रीत मला कळते. साहेबांसमोर नाही कसं म्हणणार तुम्ही? तीन तीनदा हो म्हणावं लागलं, बिचाऱ्या! घाबरू नका, तुम्हाला कुणी पाठवणार नाही. मी हौ सरांचं नाव लिहिलंय. तीनदा नाही म्हणाले हो ते, केवढं मनापासून यायचंय त्यांना!"