कुठला झुमाश?

वायरलेसमधून सुनेचा आवाज आला तशी बुरुलचा ताठ बसली. त्या खोक्याचं बोलायचं बटण कधीचं मेलं होतं. ऐकू तेवढं येई.

"मोठे भावजी, कोक-बेल खिंडीत शिरू नका. पलीकडून हिमवादळ येतंय."

खोक्यातून कुरणाकुरणातल्या मेंढपाळांचा हशा उठला. "कुणाचे भावजी, सूनबाई? इथं सगळेच कुणाचे तरी भावजी!"

बुरुलचाची मान वर झाली. सून सायकाल हवामान केंद्रात लागली, उपग्रहाची चित्रं वाचू लागली, पण थोरल्या दिराचं नाव काही ओठांवर आणलं नाही. लग्नानंतर एकदा जीभ घसरली होती, तेव्हा बुरुलचाने कितीतरी दिवस तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. वळण असं लागतं.

"इथं तर ऊन पडलंय," कुणी म्हणालं. "तुझ्या चित्रातलं पांढरं म्हणजे जुनाच बर्फ असेल."

"जुना बर्फ जागचा हलत नाही, दादा. हे सरकतंय. आत्ताच्या चित्रात डोंगराच्या धारेवर आलंय. मोठे भावजी, ऐकताय ना?"

बुरुलचा दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आभाळ निळंशार. सकाळी थोरला लेक घुटमळत होता, तेव्हा तिनेच त्याला हाकललं होतं, "आभाळ काय बघत बसलास? काढ मेंढ्या!"

"भावजी..." सुनेचा आवाज चिरकला.

"अगं, नाव घे!" बुरुलचा खोक्यावर ओरडली. मेलेलं बटण दाबदाब दाबलं. "जळो मेलं ते वळण! नाव घे त्याचं!"

नुसती खरखर. मग एकदम, "झुमाश! मागे फिरा!"

"कुठला झुमाश? मी तर घरीच आहे," भलताच कुणी बोलला.

"कादिरकुलचा! कादिरकुलचा झुमाश, मागे फिरा!"

बुरुलचाचा हात बटणावरच राहिला. सासऱ्याचं ते नाव त्या घरात कुणी घेत नसे. ती स्वतः, त्याची बायको, त्याला मातीत ठेवतानाही ते बोलली नव्हती.

मेंढ्यांचा कालवा ऐकू आला. मागोमाग झुमाश, धापा टाकत, "ऐकलं. वळवतोय."

संध्याकाळी धुराड्यात वारा घुमत होता. मेंढ्या गोठ्यात होत्या. सायकाल येऊन उंबऱ्यातच थांबली, नजर खाली.

"थिजलीस काय? चहा ओत."

तिने पेला पुढे केला. बुरुलचाने एक घोट घेतला.

"घे बघू नाव परत."

"कुणाचं, आई?"

"म्हाताऱ्याचं. खोक्यात नीट ऐकू नाही आलं."