एकाच मायची कलमं

गोपिकेचे बापूजी कापूस सोडून पहिल्यांदाच संत्र्याची बाग लावणार होते. फळ दिसायला पाच वर्षं लागणार. म्हणून नागपूरहून बीएस्सी होऊन आलेली ती नर्सरीतल्या प्रत्येक कलमाचं पान जात पारखायला चुरगाळून हुंगत होती. “काहून शक करून राहिली वं पोरी?” नर्सरीवाले चंपतराव हसले. “सारी एकाच मायची लेकरं आहेत. त्या थोरल्या संत्र्याच्या झाडाचे डोळे जंबेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या, रोपांवर बांधले मी.” दोनशे पानांचा वास सारखा निघाला. “उचला गा आता, बापूजी!” चंपतराव म्हणाले. सगळंच इतकं जुळावं, हेच गोपिकेला खटकलं. ती थोरल्या झाडाकडे वळली. “तिकडे कायले चालली?” चंपतरावांचं हसू मावळलं. त्या झाडाच्या पानाचा वास वेगळाच होता. कलमांचा वास जुळला तो कुंपणाला लावलेल्या जंबेरीच्या झाडाशी. बांधलेला एकही डोळा जगला नव्हता; वाढली होती ती खालची जंबेरीच. “बापूजी, भावंडं सख्खीच आहेत,” ती म्हणाली, “पण माय दुसरीच.”